मॅडम, ताप होता

“ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत अकरा वर्षांपासून आहे. तिसरी-चौथी माझ्याकडे. मागच्या महिन्यात चौथीतली एक मुलगी चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली आणि म्हणाली, ‘मॅडम, ताप होता.’ तिच्या बोटांवर कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते. खोटं बोलली म्हणून मी तिला सगळ्या वर्गासमोर रागावले. योगायोग असा, की परिपाठात त्या दिवशीचा सुविचार ‘नेहमी खरे बोलावे’ हाच होता. मधल्या सुट्टीत तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, ‘मॅडम, तिची माय बिमार हाये. वेचाले तेच गेलती. बापानं म्हनलं, मॅडमले ताप होता म्हन.’ तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. लहान मुलांना बरं-वाईट कसं कळतं, याचं काही शिक्षण असतं का? माझं एम.ए. मराठी, बी.एड. झालं आहे. आता पुन्हा एम.ए. करू की थेट पीएच.डी.? इंग्रजी कच्चं आहे, नोकरी सोडता येणार नाही. शाळेतले एक सर म्हणतात, संस्कार घरी होतात, त्यात शिकण्यासारखं काय आहे? घरचे विचारतात, यानं पगार वाढणार का?”
– एक शिक्षिका

मॅडम,

पगाराचं आधी उरकून घेऊ. या पदवीनं पगारपत्रकावर काही हलेल असं धरून चालू नका, आणि घरी तसं सरळ सांगून टाका. खोटी आशा दाखवून होकार मिळवला, तर दर सत्राची फी भरताना तेच भांडण पुन्हा होईल.

आता तुमचे सर. संस्कार घरी होतात हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. त्या मुलीवर घरी संस्कार झालाच होता. माय आजारी असेल तर तिचं काम आपण उचलायचं, फुटलेला कापूस झाडावर ठेवायचा नाही, घरातली गोष्ट बाहेर सांगायची नाही. ती हे सगळं पाळत होती. तुमच्या फळ्यावर दुसराच संस्कार लिहिलेला होता. दोन संस्कारांची टक्कर झाली आणि नऊ-दहा वर्षांच्या पोरीला त्यातून वाट काढायची होती. ती तिनं कशी काढली, काढताना तिच्या मनात काय तोललं गेलं, याचा अभ्यास करणारा विषय आहे. त्याला नैतिक विकास म्हणतात. तो मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र यांच्या धुऱ्यावर उभा आहे. धुऱ्यावरच्या झाडाचं जे होतं तेच त्याचंही होतं, दोन्हीकडचे शेतकरी त्याला पाणी देत नाहीत.

पुढे कुठे प्रवेश घ्यायचा ते सांगतेच. पण त्याआधी या विषयात माणसं नेमकं काय करतात ते थोडं पाहू. ते कळलं नाही, तर तुम्ही दोन वर्षं घालवून ‘मूल्यशिक्षणाचे महत्त्व’ यावर दहा गुणांचं उत्तर लिहायला शिकाल. ते तुम्हाला आजही येतं.

ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं 1932 मध्ये मुलांच्या नैतिक निर्णयांवर पुस्तक लिहिलं. त्याची सुरुवात गोट्यांपासून होते, म्हणजे आपल्याकडचे कंचे. जिनिव्हा आणि नूशातेल इथल्या पोरांजवळ जाऊन तो म्हणायचा, मला हा खेळ शिकवा. मग विचारायचा, हा नियम कोणी केला? बदलता येईल का? लहान पोरांना वाटे, नियम मोठ्यांकडून किंवा देवाकडून आलेले आहेत, त्यांना हात लावायचा नाही. गंमत म्हणजे हीच पोरं खेळताना नियम धाब्यावर बसवत. दहा-बारा वर्षांची मुलं म्हणत, सगळ्यांना मान्य असेल तर बदलू. आणि तीच नियम काटेकोर पाळत. नियम आपला आहे असं वाटलं की तो पाळला जातो, ही गोष्ट त्याला एवढ्याशा खेळात दिसली. तुमच्या शाळेच्या मागे कंचे खेळणारी पोरं असतीलच. त्यांच्या रडीच्या डावावरची भांडणं आपण आजवर फक्त सोडवत आलो. ती ऐकायची असतात, हे मला निवृत्तीच्या जवळ येऊन कळलं.

त्याचाच दुसरा प्रश्न असा होता. एका मुलानं जेवायला जाताना दार उघडलं, दाराआड कप होते, पंधरा फुटले. दुसरा चोरून मुरंबा काढत होता, त्याच्या हातून एक फुटला. जास्त वाईट कोण वागलं? लहान मुलं पंधरावाल्याकडे बोट दाखवतात, मोठी मुलं हेतू पाहतात. हा प्रश्न पहिलीच्या आणि चौथीच्या वर्गात विचारून पाहा. कपाऐवजी अंडी घ्या किंवा मडकी घ्या, चालेल.

पुढे अमेरिकेत लॉरेन्स कोहलबर्ग आला. 1958 च्या त्याच्या शिकागोच्या प्रबंधात 72 मुलगे होते, दहा, तेरा आणि सोळा वर्षांचे. तो त्यांना पेच घालायचा. बायको मरणाच्या दारात आहे, औषधवाला अवाच्या सवा किंमत मागतो, नवऱ्यानं औषध चोरावं का? ‘चोरावं’ की ‘चोरू नये’ यात त्याला रस नव्हता. ‘का’ याचं उत्तर तो ऐकायचा आणि त्यावरून त्यानं तीन स्तर, सहा पायऱ्या मांडल्या. बी.एड.ला तुम्ही त्या पाठ केल्या असतील आणि विसरलाही असाल. त्याच्याबरोबर काम केलेल्या कॅरल गिलिगन यांनी 1982 मध्ये विचारलं, की नुसत्या मुलग्यांवरून शिडी बांधली तर तीवर मुली खालच्या पायरीवर दिसणारच ना? न्याय आणि नियम यांच्यापलीकडे काळजीची, नात्याची एक नैतिकता असते, असं त्यांचं म्हणणं. त्या मुलीचा ‘ताप’ मला इथे दिसतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिएल यांचा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण तो उद्या सकाळी वर्गात विचारता येतो. ‘मॅडमनं परवानगी दिली तर वर्गात चप्पल घालून बसणं चालेल का?’ मुलं म्हणतील, चालेल. ‘मॅडमनं परवानगी दिली तर दुसऱ्याला मारणं चालेल का?’ बालवाडीच्या वयाची मुलंसुद्धा बहुधा नाही म्हणतात. म्हणजे रिवाज आणि इजा यांतला फरक आपण शिकवायच्या आधीच त्यांना जाणवू लागलेला असतो. आपण मात्र गणवेश विसरणं आणि लहान पोराला ढकलणं या दोहोंना एकच शिक्षा करतो. मी तीस वर्षं केली.

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्या मातीशी ते जुळतं का, हा प्रश्न विचारणारेही आहेत. रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी भुवनेश्वरमध्ये काम केलं, ते 1987 मध्ये छापून आलं. बाप गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलानं केस कापले आणि कोंबडी खाल्ली. हे तिथल्या ब्राह्मण घरांतल्या लोकांना, मुलांनाही, अतिशय गंभीर पाप वाटलं. अमेरिकेतल्या माणसाला यात पाप कुठे आहे तेच कळेना. ज्यांनी सुतक पाळलं आहे त्यांना हे समजावायची गरज नाही. जोन मिलर यांनी मैसूरमध्ये आणि अमेरिकेत सारखेच पेच विचारले. त्यांतला एक असा, की मित्राच्या लग्नाच्या अंगठ्या वेळेवर पोचवायच्या आहेत, त्यासाठी दुसऱ्याचं रेल्वेचं तिकीट चोरावं का? भारतीयांनी अमेरिकनांपेक्षा बऱ्याच जास्त वेळा नात्याच्या बाजूनं कौल दिला. आणि नाईलाज म्हणून तो दिला नव्हता, ते त्यांना कर्तव्यच वाटत होतं.

आता तुमच्या वर्गाकडे या. भुवनेश्वर झालं, मैसूर झालं. कापूस वेचणाऱ्या कुटुंबातल्या मुलांना, ज्यांच्या घरी सीतादही करून पहिला वेचा सुरू होतो आणि शेवटच्या वेच्यापर्यंत शाळेचा पट अर्धा होतो, त्यांना ‘खरं’ आणि ‘घरचं’ यांत काय वाटतं? तुमचा विषय तुमच्या पत्रातच आहे. एवढा तयार प्रश्न घेऊन येणारा विद्यार्थी मला अध्यापक विद्यालयातल्या सगळ्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतका भेटला.

मी हे बोलते आहे त्याला कारण माझी स्वतःची फजिती आहे. मीही पीएच.डी. केली, याच विषयात. मार्गदर्शकांनी विषय दिला: नववीच्या विद्यार्थ्यांच्या नैतिक मूल्यांचा लिंग आणि ग्रामीण-शहरी निवास यांच्या संदर्भात तुलनात्मक अभ्यास. साठ प्रश्नांची चाचणी होती, प्रत्येकाला तीन पर्याय. ‘रस्त्यावर पैशाचे पाकीट सापडले तर तुम्ही काय कराल?’ पोरांनी भराभर खुणा केल्या. पाकीट सगळ्यांनी परत केलं, म्हाताऱ्यांना सगळ्यांनी रस्ता ओलांडून दिला. एका शाळेत प्रामाणिकपणाच्या प्रश्नांवर शेजाऱ्याचं बघून खुणा करणारा मुलगा मी स्वतः पाहिला. त्याचा पेपर मी गठ्ठ्यात घातला, कारण नमुना पूर्ण करायचा होता. टी-मूल्य काढलं, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक योगायोगाचा आहे का ते तपासलं, फरक सार्थ आला, पदवी मिळाली. प्रबंध अजून कपाटात आहे. त्यातून एकाही मुलाचा आवाज येत नाही.

पुढे कधीतरी वाचलं, की हार्टशोर्न आणि मे या दोघा संशोधकांनी 1928 ते 1930 या काळात अमेरिकेत हजारो मुलांना फसवणुकीची खरीखुरी संधी देऊन पाहिलं होतं. मूल काय सांगतं आणि प्रत्यक्ष काय करतं यांचा मेळ फारच थोडा बसला. एका ठिकाणी प्रामाणिक राहिलेलं मूल दुसऱ्या ठिकाणी फसवत होतं. माझ्या मार्गदर्शकांच्या जन्माआधीचं हे काम. त्यांनी ते वाचलं नव्हतं, आणि मीही कुठे वाचलं होतं?

म्हणून माझा आग्रह असा, की विद्यापीठ नंतर शोधा, मार्गदर्शक आधी शोधा. त्यांच्याकडे झालेले दोन-तीन प्रबंध मागा, मराठीतले असतील तर उत्तम, आणि पाहा की त्यांत मुलं बोलतात की नुसते तक्ते आहेत. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध फुकट वाचायला मिळतात. शीर्षकात ‘यांचा तुलनात्मक अभ्यास’ दिसला की सावध व्हा. सगळेच वाईट नसतात, पण माझा त्यात आहे एवढं लक्षात ठेवा.

आता प्रवेशाचं. थेट पीएच.डी. तुम्हाला जमणं कठीण, कारण तुमचं एम.ए. मराठीचं आहे आणि शिक्षणशास्त्रात पीएच.डी.साठी बहुतेक ठिकाणी एम.एड. किंवा एम.ए. शिक्षणशास्त्र लागतं, तेही 55 टक्क्यांनी (राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सूट). एम.फिल. कोणी सुचवलं तर ऐकू नका, 2022 च्या यूजीसी नियमांनंतर ते बंद झालं. म्हणजे आधी एम.ए. शिक्षणशास्त्र. नोकरी सांभाळून करायचं तर दूरस्थ. इग्नूचं (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं) प्रादेशिक केंद्र नागपूरला आहे, पहिली चौकशी तिथे करा. एम.एड. नियमित असतं, त्यासाठी वर्ग सोडावा लागेल, त्या फंदात पडू नका. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाचं दोन वर्षांचं एम.ए. शिक्षणशास्त्र चांगलं आहे, घरच्या परिस्थितीनुसार फीमध्ये मदतही मिळते, पण ते पूर्णवेळ आणि इंग्रजीतून. तुमच्या एखाद्या तरुण, अजून नोकरी न लागलेल्या मैत्रिणीला सांगा. बर्मिंगहॅम विद्यापीठ तर चारित्र्यशिक्षणाचं एम.ए. दूरस्थ पद्धतीनं देतं, फी पौंडांत. हे फक्त माहितीसाठी.

एम.ए. झालं की नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, द्या. 2024 पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरतात. पीएच.डी. किमान तीन वर्षांची, कमाल सहा. नागपूर, अमरावती आणि गडचिरोलीचं गोंडवाना, ही तीन विद्यापीठं तुमच्या टप्प्यात आहेत. वर्ध्याचं हिंदी विद्यापीठही आहे, तिथेही शिक्षणशास्त्र आहे आणि हिंदीतून लिहिता येतं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या पगारी नोकरी चालू असताना मिळत नाहीत, तेव्हा तो हिशोब मनात धरू नका.

आणि अर्ज भरायच्या आधी परवानगी. केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा, पोच घ्या, पोचेची झेरॉक्स घरी ठेवा. पदवी हातात आल्यावर ‘परवानगी कुठे आहे’ म्हणून सेवापुस्तकात नोंद अडलेले शिक्षक मी पाहिले आहेत. कागद खालून वर जायला एक सत्र लागतं असं धरा.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नका. बोलायचं नाहीये, वाचायचंय. आठवड्याला एकच लेख, मोबाईलवर शब्दकोश उघडा ठेवून. सुरुवातीला एका पानाला तास लागेल. सहा महिन्यांत तेच-तेच दोनशे शब्द परत येतात हे लक्षात येईल. उलट तुमच्याकडे जे आहे ते इंग्रजीवाल्याकडे नाही. ‘खोटं बोलते’ आणि ‘लबाड बोलते’ यांत तुमची पोरं काही फरक करतात का? घरच्यासाठी बोललेल्याला ती ‘लबाड’ म्हणतील का? बापानं सांगितलेलं खोटं कोणाच्या खाती जातं, बापाच्या की पोरीच्या? हे वऱ्हाडीत विचारावं लागतं आणि वऱ्हाडीतच ऐकावं लागतं. प्रमाण मराठीत विचारलंत तर मूल लगेच परिपाठाच्या आवाजात उत्तर देतं, हात मागे बांधून.

एक वही आजपासून घाला. तारीख, काय घडलं, कोण काय बोललं, जसंच्या तसं. मुलांची नावं लिहू नका, खुणेची अक्षरं वापरा. वही शाळेच्या कपाटात ठेवू नका. पुढे प्रबंधासाठी मुलांना पेच विचाराल तेव्हा पालकांची संमती घ्यावी लागेल, मुलाचीही. हा नुसता कागदाचा सोपस्कार नाही. खरं बोलण्यावर अभ्यास करताना एखादं मूल खरं बोलेल, आणि ते खरं त्याच्या बापाला अडचणीत आणणारं असेल. शेतात पाठवलं, शाळा बुडवली. तेव्हा तुम्ही संशोधक असाल की हजेरीवर सही करणाऱ्या मॅडम? याचं उत्तर आधी ठरवून ठेवा. माझं मत विचाराल तर पहिला अभ्यास स्वतःच्या वर्गावर करू नये. शेजारच्या केंद्रातली शाळा घ्यावी. आपल्या वर्गात वही आणि कान पुरे.

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्ट्यांच्या थोडं आधी, शाळा भरते तोवर, एक दिवस सेवाग्रामला जाऊन या. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिथून नई तालीम, म्हणजे हातानं काम करत शिकण्याची गांधीजींची शिक्षणपद्धती, निघाली. तिचा अभ्यासक्रम आखणारी झाकिर हुसेन समितीही तिथूनच. आशादेवी आणि आर्यनायकम यांनी सेवाग्रामची शाळा उभी केली. मुलं सूत कातायची, संडास साफ करायची हे सगळे सांगतात. त्या शाळेत मुलांची आमसभा होती, कामं आणि नियम मुलं मिळून ठरवत, हे फार कोणी सांगत नाही. 1974 मध्ये कोहलबर्गनं अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये एक शाळा सुरू केली. तिथे विद्यार्थी आणि शिक्षक, प्रत्येकाला एकच मत, आणि सगळ्यांच्या सभेत नियम ठरत. ही कल्पना त्याला इस्रायलच्या किबुट्झमध्ये, म्हणजे तिथल्या सामुदायिक वस्तीत, सुचली. त्याला वर्ध्याचं ठाऊक असतं तर, असा विचार मला नेहमी येतो. सेवाग्रामला 2005 पासून आनंद निकेतन ही शाळा पुन्हा चालू आहे. बघा, बोला, पण लगेच भारावून जाऊ नका. तुमच्या दोन शिक्षकी शाळेत, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरत असताना, त्यातलं काय उचलता येईल हे तुम्हालाच कळेल.

तुमच्या सरांना काही पटवायला जाऊ नका. केंद्राच्या शिक्षण परिषदेत बोलायची पाळी आली की पंधरा कपांचा प्रश्न सगळ्या शिक्षकांना विचारा, मजा येईल.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात कुठेच सापडली नाही. मैत्रिणीनं सांगितल्यावर तुम्ही त्या मुलीशी काय बोललात? वर्गासमोर रागावलात, ते वर्गासमोरच परत घ्यावं लागेल. कसं घ्यायचं ते तुम्हाला जमेल. पण ‘बापानं खोटं बोलायला सांगितलं होतं ना’ हे तिला विचारू नका, तिनं चार दिवस जे झाकून ठेवलं ते तिच्याच तोंडून काढायचं नाही. वेचणी संपली नसेल तर ती परत दोन-चार दिवस येणार नाही. आली, की हजेरी घ्यायच्या आधी तिच्या मायची तब्येत विचारा.